आधी कागद, मग उंदीर : ब्रेक-बॅरल एअर रायफलचा नेम कसा बसवावा

जत्रेत फुगे फोडायला जी छऱ्यांची बंदूक मिळते, तिची नळी खाली मोडून छर्रा भरतात. इंग्लंडमध्ये परसातले उंदीर मारण्यासाठी लोक जी ब्रेक-बॅरल एअर रायफल घेतात, तिची मूळ यंत्रणा तीच आहे. फरक आहे तो कामाचा. जत्रेत नेम चुकला तर फुगा शाबूत राहतो. परसात नेम चुकला तर जबडा फुटलेला उंदीर बिळात जाऊन दोन दिवस तडफडतो, किंवा छर्रा कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या अंगणात पडतो. म्हणून या लेखाचं सांगणं एकच आहे : ज्या रायफलीने, ज्या अंतरावरून, ज्या बैठकीत तुम्ही कागदावर नेम सिद्ध केलेला नाही, त्या रायफलीने तिथून कुठल्याही जिवावर नेम धरू नका.

इंग्लंडमधल्या अनेक मराठी घरांच्या मागे भाजीचे वाफे असतात, काहींकडे चार-सहा कोंबड्याही असतात. दाणे सांडले की मोठे तपकिरी उंदीर येतातच. विष टाकावं तर विष खाल्लेला उंदीर घुबडाच्या किंवा शेजारच्या मांजराच्या पोटात जाण्याची भीती असते. सापळे चांगले, पण सरावलेले उंदीर त्यांना टाळू लागतात. अशा वेळी एअर रायफलचा विचार मनात येतो. मात्र तो शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. आधी दाणे रात्री आत घ्या, पाय दिल्यावरच झाकण उघडणारं खाद्यपात्र आणा आणि खुराड्याला कोंबडीजाळीऐवजी १३ मिलिमीटर चौकटीची मजबूत जाळी लावा. अन्न मिळत राहिलं तर तुम्ही दहा उंदीर मारलेत तरी अकरावा येणारच.

कायदा आधी वाचा

इंग्लंड आणि वेल्समध्ये १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६ ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. स्कॉटलंडमध्ये ३१ डिसेंबर २०१६ पासून एअर रायफलसाठी वेगळं प्रमाणपत्र सक्तीचं आहे आणि उत्तर आयर्लंडचे नियम त्याहून कडक आहेत. १८ वर्षांखालच्या कुणालाही रायफल विकत घेता येत नाही. मुलांच्या हाती ती परवानगीशिवाय लागणार नाही याची वाजवी काळजी घेणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, म्हणून कुलूपबंद कपाट हवंच.

परसात नेमबाजी करणाऱ्याने सर्वांत जास्त लक्षात ठेवायचा नियम असा : आपल्या जागेच्या हद्दीबाहेर छर्रा जाऊ देणं हा गुन्हा आहे, मग त्याने कुणाला इजा झाली नसली तरीही. पलीकडच्या मालकाची परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. रस्त्याजवळ, लोकांना धोका होईल असं रायफल चालवणं हाही गुन्हा आहे. ती उघडी घेऊन रस्त्यावरून चालू नका. न्यायचीच असेल तर रिकामी करून, बंद पिशवीतून न्या.

उंदीर आणि करडी खार यांना मारायला तिथे मुभा आहे. लाल खार संरक्षित आहे. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने सगळेच रानटी पक्षी संरक्षित आहेत. कबुतरं किंवा कावळ्यांसारख्या पक्ष्यांसाठी सर्वसाधारण परवाने असतात, पण त्यांच्या अटी काटेकोर असतात आणि वेळोवेळी बदलतात. नवशिक्याने पक्ष्यांच्या वाटेला जाऊच नये.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी ही मुभा आपल्याकडे लागू आहे असं मुळीच समजू नये. भारतात शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या किंवा ४.५ मिलिमीटरहून मोठ्या नळीच्या एअर गनला परवाना लागतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मोर, मुंगूस, घोरपड, उदमांजर आणि वानर यांना संरक्षण देतो. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची जुनी पाचवी अनुसूचीही रद्द केली. आपल्याकडे एअर गन असेल तर ती कागदासाठीच ठेवा. नेम बसवण्याची पुढची पद्धत कागदावरच्या सरावालाही तशीच्या तशी लागू पडते.

रायफल आत काय करते

ब्रेक-बॅरल रायफलची नळी खाली मोडली की आतला जाड स्प्रिंग दबतो आणि दट्ट्या मागे अडकतो. काही रायफलींमध्ये स्प्रिंगऐवजी दाबलेल्या वायूची नळकांडी असते. घोडा ओढला की दट्ट्या पुढे झेपावतो, समोरची हवा चेपतो आणि त्या दाबाने छर्रा निघतो. दट्ट्या पुढे जाताना रायफल मागे ढकलली जाते. तो हवेच्या गादीवर थांबला की रायफल पुढे झटका देते. छर्रा नळीतून जात असतानाच ही ओढाताण चाललेली असते.

म्हणून या रायफलीचा नेम तुमच्या पकडीवर इतका अवलंबून असतो. आज घट्ट धरून मारलं आणि उद्या सैल धरून, तर स्क्रूला हात न लावताही छर्रा दुसरीकडे लागेल. आधी पकड, मग ग्रुप (म्हणजे कागदावर पडलेल्या भोकांचा पुंजका) आणि सर्वांत शेवटी स्कोपचा स्क्रू, हाच क्रम पाळायचा.

भरताना घ्यायची काळजी

नळी मोडलेली असताना घोड्याला बोट लावायचं नाही. घोडा सुटला तर नळी जोराने वर येते आणि बोटं तुटू शकतात. छर्रा भरताना एका हाताने नळी धरूनच ठेवावी. छर्रा नसताना रायफल कधीही चालवू नये. समोर हवेची गादी न मिळाल्याने दट्ट्या थेट आदळतो आणि स्प्रिंग व सील दोन्ही खराब होतात. भरलेली रायफल तासन्‌तास तशीच ठेवू नका. वापरलेले छर्रे पुन्हा भरू नका आणि आटे असलेल्या नळीत पोलादी गोळ्या घालू नका. छर्रे शिशाचे असतात, तेव्हा काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये.

लक्ष्यामागची भिंत

छर्रा लक्ष्याला लागला तर कुठे जाईल आणि चुकला तर कुठे जाईल, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर घोडा ओढण्याआधी तयार हवं. मोकळ्या जागेत एअर रायफलचा छर्रा तीनशे मीटरपेक्षाही लांब जाऊ शकतो. लाकडी कुंपण म्हणजे छर्ऱ्यासाठी भिंत नव्हे.

नेम बसवण्यासाठी एक मजबूत खोकं घ्या. त्यात जुने कपडे आणि सतरंज्या गच्च भरा. त्यामागे जाड प्लायवूड आणि वाळूच्या गोण्या ठेवा. पत्रा, दगड, फरशी, काँक्रीट किंवा कडक लाकूड समोर असेल तर छर्रा उलटा येऊ शकतो. डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावा आणि बाजूला उभ्या असलेल्यांनाही लावायला सांगा. शक्य असेल तर किंचित उंचावरून, जमिनीच्या दिशेने मारायची जागा निवडा. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. रायफल हातात घेतलेला माणूस कुंपणापलीकडून दिसला तर ते घाबरतील, आणि त्यांचं घाबरणं रास्तच असेल.

आधी दस्त्याचे स्क्रू तपासा

नेम भटकतो तेव्हा लोक स्कोपला, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीला, दोष देतात. बहुतेक वेळा खरं कारण असतं दस्त्याचे सैल स्क्रू. स्प्रिंगच्या प्रत्येक झटक्याने ते थोडे थोडे सैल होत जातात. दस्त्याच्या पुढच्या बाजूचे दोन आणि घोड्याच्या कमानीजवळचे स्क्रू योग्य पाना घेऊन बसवा. घट्ट बसवा, पण इतका जोर लावू नका की लाकूड चेपेल.

स्कोप स्प्रिंग रायफलसाठीच बनवलेला हवा. ही रायफल मागे आणि पुढे अशा दोन्ही दिशांनी झटके देते. साध्या बंदुकीचा स्कोप फक्त मागच्या धक्क्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे तो इथे बऱ्याचदा निकामी होतो. स्कोपची पकड मागे सरकू नये म्हणून तिला अडणारी खीळ असावी. स्कोपच्या पॅरॅलॅक्सकडेही लक्ष द्या. डोळा थोडा हलवला की जवळच्या लक्ष्यावर स्कोपमधला नेमाचा क्रॉस सरकल्यासारखा दिसतो. समोरची भिंग-कडी फिरवून १० मीटरपर्यंत जुळवता येणारा स्कोप परसातल्या कामाला योग्य.

नव्या रायफलीतून सुरुवातीला धूर आणि जळक्या तेलाचा वास येतो. कारखान्यातलं तेल आत पेटत असतं. तोवर छर्ऱ्याचा वेग स्थिर नसतो. पहिले शंभरएक छर्रे रायफल बसण्यासाठी खर्च करा आणि तोपर्यंत स्कोपला हात लावू नका. दट्ट्याच्या नळीत स्वतः तेल कधीच ओतू नका.

छर्रा निवडणं

प्रत्येक नळीचा आवडता छर्रा वेगळा असतो. एकाच कंपनीच्या, एकाच नमुन्याच्या दोन रायफलींनाही वेगवेगळे छर्रे रुचतात. गोल डोक्याचे छर्रे हवेत स्थिर राहतात, म्हणून परसातल्या कामासाठी तेच घ्या. चपट्या डोक्याचे छर्रे १० मीटरच्या कागदावर स्वच्छ गोल भोक पाडतात, म्हणून स्पर्धेत ते वापरतात. लांब अंतरावर मात्र ते भरकटतात. दोन-तीन प्रकारचे छर्रे लहान डब्यांत आणा आणि प्रत्येकाचे किमान पाच-पाच ग्रुप मारून पाहा. एक ठरला की त्याच्यावरच टिकून राहा. छर्रा बदलला की नेम नव्याने बसवावा लागतो.

०.१७७ इंची नळीचा छर्रा हलका आणि वेगवान असतो, त्याचा मार्ग सपाट असतो. ०.२२ इंची छर्रा जड आणि धीमा असतो, तो जास्त आघात करतो. १२ फूट-पाउंडाच्या मर्यादेत दोन्ही उंदरासाठी पुरेसे आहेत, पण छर्रा जिथे हवा तिथेच लागला तर.

पकड

रायफल हलक्या हाताने धरा. तिला झटका देऊ द्या, दाबून ठेवू नका. डावा तळहात उघडा ठेवून त्यावर दस्त्याचा पुढचा भाग नुसता टेकवा. बोटं वळवून धरू नका. खांद्याला दस्ता हलकेच टेकलेला असावा. गाल प्रत्येक वेळी त्याच जागी आणि तेवढ्याच भाराने ठेवा. तळहात कुठे टेकवला आहे, तिथे दस्त्यावर चिकटपट्टीची खूण करा. दोन बोटं पुढे किंवा मागे सरकली तरी छर्रा वेगळीकडे लागतो.

टेबलावरून मारताना रायफल थेट लाकडावर किंवा नळी पिशवीवर टेकवू नका. वाळूच्या पिशवीवर तुमचा हात, आणि हातावर रायफल. अर्धा श्वास सोडून थांबा, घोडा हळू मागे घ्या आणि छर्रा सुटल्यावरही क्षणभर क्रॉस लक्ष्यावरच ठेवा. मान वर करून कुठे लागला ते लगेच पाहायची सवय सोडा. रायफल एका बाजूला तिरपी होत नाही ना, हेही पाहा. ती कलली की छर्रा त्या बाजूला आणि खाली जातो.

नेम बसवणं

वारा नसलेली सकाळ निवडा. कागदावर मध्यभागी काळा ठिपका काढा आणि कागद १० मीटरवर लावा.

पहिले पाच छर्रे त्याच ठिपक्यावर नेम धरून मारा. कुठेही लागले तरी मध्ये काहीही बदलू नका. पाच भोकं एकत्र आली आहेत का, एवढंच पाहा. ती विखुरली असतील तर दोष स्कोपच्या नेमात नाही. पकड, स्क्रू आणि छर्रा, या तीन गोष्टींकडे परत जा. पाचही भोकं जवळ जवळ पडली, तर ती ठिपक्यापासून लांब असली तरी हरकत नाही. आता स्कोपचा स्क्रू फिरवायचा.

बहुतेक स्कोप एका क्लिकला कोनाचं पाव मिनिट हलतात. २० मीटरवर एक क्लिक म्हणजे साधारण दीड मिलिमीटर, १० मीटरवर त्याच्या निम्मं. २० मीटरवर ग्रुप ३ सेंटीमीटर खाली असेल तर साधारण २० क्लिक वर द्या. स्कोपच्या बटणावर बाण असतात. छर्रा जिकडे न्यायचा तिकडे फिरवा. स्कोपशिवाय मारत असाल तर मागची खाच छर्रा न्यायचाय त्याच दिशेने हलवा. पुढची माशी हलवायची असेल तर उलट्या दिशेने. स्कोप शेवटच्या टोकापर्यंत फिरवूनही छर्रा खालीच लागत असेल तर रायफलची नळी किंचित खाली झुकलेली असू शकते. ब्रेक-बॅरलमध्ये हे नेहमी आढळतं. अशा वेळी मागून उंच असणारी, जुळवता येणारी स्कोपची पकड बसवा.

१० मीटरवर ढोबळ नेम बसला की कागद २० मीटरवर न्या आणि तिथे बारीक जुळवणी करा. प्रत्येक बदलानंतर पाच छर्ऱ्यांचा पूर्ण ग्रुप मारा. एका छर्ऱ्यावरून निर्णय घेऊ नका.

२० मीटरच का

स्कोप नळीच्या सुमारे ४ सेंटीमीटर वर असतो. छर्रा खालून निघतो, नजरेच्या रेषेला वर येऊन भेटतो आणि पुन्हा खाली पडतो. १२ फूट-पाउंडाच्या ०.२२ रायफलीचा नेम २० मीटरवर बसवला तर साधारण चित्र असं असतं : १० ते २० मीटरमध्ये छर्रा नेमाच्या अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपासच राहतो. २५ मीटरवर दीड सेंटीमीटर खाली लागतो आणि ३० मीटरवर चार सेंटीमीटर खाली. ५ मीटरवरही तो दीड सेंटीमीटर खालीच लागतो, कारण अजून तो नजरेच्या रेषेपर्यंत चढलेलाच नसतो. जवळच्या उंदरावर चुकणारे बहुतेक लोक इथेच फसतात.

हे आकडे हिशेबाचे आहेत, तुमच्या रायफलीचे नव्हेत. ५, १०, १५, २० आणि २५ मीटरवर स्वतः कागद लावून मारा आणि प्रत्येक अंतरावर छर्रा कुठे लागतो ते एका लहान पुठ्ठ्यावर लिहून दस्त्याला चिकटवा. परसात त्या अंतरांना खुणा करा : पाण्याचं पिंप १२ मीटर, खुराड्याचा कोपरा १८ मीटर. अंदाजाने अंतर ठरवायची वेळ येऊ देऊ नका.

आपली हद्द ठरवा

उंदराचा मेंदू डोळा आणि कानाच्या मध्ये असतो आणि तो लहान असतो. छर्रा तिथे लागला तरच उंदीर जागच्या जागी मरतो. म्हणून कसोटी अशी ठेवा : एक पौंडाच्या नाण्याखाली झाकला जाईल एवढा ग्रुप, सलग पाच छर्ऱ्यांचा, आणि तो टेबलावरून नव्हे तर ज्या बैठकीत खरंच मारणार आहात त्या बैठकीत. स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून मारणार असाल तर तिथूनच सराव करा. जिथे ग्रुप नाण्याबाहेर जाईल, तिथे तुमची हद्द संपली. कुणाची हद्द १२ मीटर असेल, कुणाची २५. ती कमी असण्यात काहीच कमीपणा नाही. ती माहीत नसणं मात्र क्रूरपणाचं आहे.

उंदीर संध्याकाळी बाहेर येतात. जिथे मागे मातीचा उतार किंवा गोण्यांची भिंत आहे, अशा एकाच ठिकाणी त्यांना काही दिवस दाणे टाका. ते तिथे थांबून खायला लागले की नेम सोपा होतो. लाल प्रकाशाच्या टॉर्चने ते कमी बिथरतात. उंदीर चालत असेल, अर्धा झाकलेला असेल, किंवा मागची भिंत दिसत नसेल तर घोड्याला बोट लावू नका. छर्रा लागून उंदीर तडफडत असेल तर तात्काळ दुसरा छर्रा मारून त्याला मोकळं करा. त्यासाठी दुसरा छर्रा हाताशी ठेवा.

मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नका. उंदरांपासून होणारा लेप्टोस्पायरोसिस किती गंभीर होऊ शकतो, हे मुंबईच्या पावसाळ्यात राहिलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. हातमोजे घाला, दोन पिशव्यांत बांधा आणि हात स्वच्छ धुवा.

नेम टिकवणं

एकदा बसलेला नेम कायम बसलेला राहत नाही. रायफल पडली, स्कोप काढून पुन्हा लावला, छर्ऱ्यांचा नवा डबा उघडला किंवा ऋतू बदलला की कागदावर पाच छर्रे मारूनच पुढे जा. थंडी आणि उन्हाळ्यात वेग बदलतो, स्प्रिंग वयानुसार थकतो. एका वहीत तारीख, छर्रा, अंतर आणि ग्रुप लिहीत जा. ग्रुप हळूहळू पसरायला लागला तर ते वहीत आधी दिसतं, परसात नंतर. नळी मोडते त्या जागची रबरी सील झिजली असेल तर छर्रा मारताना तिथून हवा फुटते. सांध्यावर टिश्यू कागदाचा तुकडा ठेवून मारून पाहा. कागद उडाला तर सील बदला. स्प्रिंग बदलणं मात्र कुशल माणसाकडेच सोपवा. तो दाबलेला असतो आणि उघडताना जोराने निसटू शकतो.

शक्य असेल तर जवळच्या नेमबाजी क्लबमध्ये नाव नोंदवा. अनुभवी नेमबाज तुमच्या गालाची आणि हाताची जागा बघून पाच मिनिटांत जो दोष सांगेल, तो एकट्याने शोधायला महिने लागतात. आणि उंदीर मारायला निघण्याआधी रोज संध्याकाळी एकच सवय ठेवा : कागदावर पाच छर्रे. ते नाण्याखाली बसले तरच रायफल घेऊन पायरीवर बसा. नाही बसले तर ती कपाटात ठेवा, कुलूप लावा आणि सापळे मांडा.